शाळेवर चढलेली कौलं

आमच्या शाळेवर केलेली ती फिल्म आता कुणाच्याही मोबाइलवर दिसते. माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, दिवस घातले त्या दुपारी मांडवात बसलेल्या पोरांनी ती लावली, आणि भांडी घासणाऱ्या बायका पदराला हात पुसत गोळा झाल्या. तळहाताएवढ्या पडद्यावर आक्का उभी होती, तरुण, दोन वेण्या मागे टाकलेली, डोळे किंचित बारीक केलेले. "यमुना किती बारीक होती तवा," कुणीतरी म्हणालं. "आवाज तोच," दुसरी म्हणाली. मग मोबाइलची बॅटरी संपली आणि बायका पुन्हा भांड्यांकडे वळल्या. मी तिथेच बसून राहिले. मला रडू आलं नाही. ते नंतर आलं, नाशिकला परतल्यावर, ग्रंथालयात नव्या पुस्तकांना नंबर चिकटवताना.

ती फिल्म जशी व्हायची होती तशी झाली नाही. कशी व्हायची होती आणि कशी बिघडली, हे माहीत असलेली माणसं आता कमी होत चालली आहेत, म्हणून मी लिहायला बसले आहे. नाशिकच्या द्वारका चौकापासून माझं घर लांब नाही. ट्रकचे हॉर्न थांबत नाहीत. दिवसाला अर्धं पान होतं, कधी तेवढंही नाही. घाई कसली? आक्काही सावकाश जगणारी बाई होती. तिला घाई झालेली मी एकदाच पाहिली, आणि ती माझ्यासाठी होती.

आमचा पाडा पेठच्या पुढे, घाट उतरून गुजरातच्या अंगाला. घर कारवीच्या कुडाचं, आतून-बाहेरून शेणामातीनं लिंपलेलं, वर नळीची कौलं. हिवाळ्यात सकाळी चुलीचा धूर कौलांच्या फटींतून वर निघायचा, आणि लांबून पाहिलं तर घरच विडी ओढत बसल्यासारखं दिसायचं. मला जाग यायची ती आयच्या हातावर थापल्या जाणाऱ्या नागलीच्या भाकरीच्या आवाजानं. त्यामागोमाग छपरावरून वानरांची धाव जायची, एखादं कौल सरकायचं, आणि बा अंथरुणातूनच वानरांच्या आईबापांचा उद्धार करायचा. भाकरीबरोबर खुरासणीची चटणी, कधी उडदाचं पातळ वरण, पावसाळा संपता संपता रानातली भाजी. आय आधी बाला वाढायची, मग आम्हाला, आणि स्वतः चुलीकडे तोंड करून जेवायची, त्यामुळे ती काय आणि किती खाते ते आम्हाला कधी कळलं नाही. बा थोडं बोलायचा. पण कौलं शाकारण्यात त्याच्यासारखा हात पाड्यात दुसऱ्याचा नव्हता. मे महिन्यात तो घरोघरच्या छपरांवर दिसायचा, आणि खालून बायका त्याला हाका मारून फटी दाखवायच्या.

घरी आम्ही कोकणी बोलायचो. समुद्राकाठची नव्हे, डोंगरातली आमची. ती इथे जशीच्या तशी उतरवली तर वाचणाऱ्याला अडखळायला होईल, म्हणून थोडी मराठीकडे वळवून लिहिते आहे. आक्का वाचती तर म्हणाली असती, "आय अशी कवा बोलली गं?"

शाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक पडवी. गुरुजी एकच. दुसरे मंजूर आहेत असं सगळे म्हणायचे, पण तो मंजूर असलेला माणूस आम्ही कधी पाहिला नाही. एका खोलीत लहान, दुसरीत मोठे, आणि गुरुजी मधल्या दारात उभे राहून दोन्हीकडे शिकवायचे. इकडे पाढे सुरू करून द्यायचे, तिकडे फळ्यावर गणित घालायचे. छपराची वाट वानरांनी लावलेली होती. गळायला लागलं की गुरुजी वर्गच सरकवायचे. तिसरी चौथीच्या मांडीला मांडी लावून बसायची, आणि जिथे सगळ्यांत जास्त गळायचं तिथे बादली. आठवीपर्यंत असं होतं. आठवीच्या पुढे काहीच नव्हतं.

आक्का आठवीनंतर लांबच्या एका आश्रमशाळेत गेली होती. तिथे ज्या खोलीत शिकायचं त्याच खोलीत झोपायचं. दाराला कडी नव्हती. मुली आळीपाळीनं दाराला पाठ लावून बसायच्या. हे तिनं सुट्टीत आयला सांगितलं, आयनं बाला सांगितलं. बा तिचं सामान आणायला गेला. कुणाशी भांडला नाही. तिची पत्र्याची पेटी खांद्यावर घेतली आणि तिला पुढे घालून घरी आणलं. त्यानंतर आमच्या पाड्यातली एकही मुलगी शिकायला बाहेर गेली नाही. कुणी तसा नियम केला नव्हता, पण तो होता.

मी आठवी झाले आणि जूनमध्ये घरीच राहिले. गुरं वळायला जाताना पुस्तक कमरेला खोचायचे. तीच तीच पुस्तकं इतक्या वेळा वाचली की धडा कुठल्या पानावर संपतो ते डोळे मिटून सांगता यायचं. भात कापून झालं की पाडा रिकामा होतो. माणसं दिंडोरीकडे, गिरणाऱ्याकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात. त्या वर्षी मुकादम आला आणि आमच्या ओट्यावर बसून बाला म्हणाला, "धाकटीला आण यंदा. हात चपळ दिसतात तिचे." बानं मान हलवली. ती हललेली मान मी पाहिली आणि आक्कानंही पाहिली. बागेवर गेलेली मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा जाते आणि त्याच्या पुढच्या वर्षी तिचं लग्न होतं. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, पाड्यात सगळीकडे तेच होतं.

आक्का तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची होती. तिनं आणि पाड्यातल्या पोरापोरींनी मिळून त्याआधीच धडपड सुरू केली होती. मागणी साधी होती: नववी-दहावी गावात, आणि शिकवायला पुरेशी माणसं. तिच्याबरोबर हिरामण असायचा, बारावी नापास, तोंडानं फाटका, मनानं सोन्यासारखा. ही मंडळी पेठेला कचेरीत जायची. साहेब म्हणायचे, "बघू." तो 'बघू' घेऊन ती परत यायची. हिरामण म्हणायचा, "आपल्याकडं इतके 'बघू' झालेत की पोतं भरंल. बाजारात विकू या का?" आक्का हसायची नाही. ती पुढच्या खेपेचा दिवस ठरवायची.

अशाच एका खेपेत त्यांना वृषालीताई भेटली. ती नाशिकची, फिल्म करायची. एकदा कॅमेऱ्याशिवायच पाड्यावर आली. शाळेत दिवसभर बसली, बादली पाहिली, मधल्या दारातले गुरुजी पाहिले, छपरातून येणारे उन्हाचे गोल लहान मुलांच्या पाठींवरून सरकताना पाहिले. जाताना आक्काला म्हणाली, "हे दाखवलं पाहिजे. मी कॅमेरा घेऊन येते. नाशिकला एक हॉल मिळवते आणि तुमच्या साहेबांच्या वरच्या साहेबांना बोलावते. डोळ्यांनी पाहिल्यावर 'बघू' कसं म्हणतील?"

आक्कानं मंडळींना शाळेच्या पडवीत जमवलं. "शाळेला कुणी हात लावायचा नाय," ती म्हणाली. "हाय तशी दिसू द्यायची."

"झाडायचं पण नाय?" हिरामणनं विचारलं.

"झाडायचं पण नाय."

"मग माला फिल्म लय आवडली."

सगळे हसले. पडवीच्या कडेला पाण्याला निघालेल्या बायका हंडे घेऊन उभ्या होत्या, त्याही हसल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पाहुणे येणार, नाशिकहून येणार, शाळेत उतरणार, हे त्यांनी विशेष लक्ष देऊन ऐकलं होतं.

जीपवाल्याला आमची वाट माहीत नव्हती, म्हणून आक्का आदल्या दिवशी पेठेला मावशीकडे गेली. तिथून ती पाहुण्यांना घेऊन येणार होती. ती टेकाडामागे दिसेनाशी झाली आणि बायका पाट्या घेऊन शेण गोळा करायला लागल्या.

आमच्याकडे पाहुणा येणार असं कळलं की आधी जमीन सारवली जाते. पाहुणा कोण आणि कशासाठी येतोय ते मागून. न सारवलेल्या जमिनीवर परक्या माणसाला बसवलं तर ते घर मेलेल्यांचं, असं आय म्हणायची. आता पाहुणे उतरणार होते शाळेत, तेव्हा शाळा सारवायची, यात कुणाला विचारण्यासारखं काही वाटलंच नाही. मी धावत शाळेकडे गेले. आय पडवीत उकिडवी बसून हाताचे अर्धगोल ओढत मागे मागे सरकत होती.

"आय, आक्कानं सांगितलं होतं हात लावायचा नाय म्हणून!"

"ते पोरांना सांगितलं," आय मान वर न करता म्हणाली. "पोरं मोडतात. आम्ही काय मोडतो का?"

गुरुजी अस्वस्थ होऊन पडवीत फेऱ्या घालत होते. "बाई, राहू द्या हो. ती मुलगी रागावेल माझ्यावर." बायकांनी त्यांनाही उठवून दुसऱ्या खोलीत बसवलं. तासाभरानं पाहते तर गुरुजी स्वतःच कोळसा आणि पाल्याचा रस कालवून फळा काळा करत होते. म्हणाले, "बाकी सगळं चकाचक आणि फळा पांढरा, बरं दिसत नाही ना गं सुमन."

बा आला तो खोलीच्या मधोमध उभा राहून वर बघत राहिला. "पाहुण्यांच्या ताटात ऊन पडंल," तो म्हणाला. पण नवी कौलं आणायची कुठून? कुंभार लांब, आणि एका दिवसात कौलं भाजून होत नाहीत. बा घरी आला. आमच्या चुलीवरच्या अंगाला त्यानं शिडी लावली आणि कौलं उतरवायला सुरुवात केली. मी खाली उभी राहून पाहत होते. वरून एक एक कौल बाच्या हातातून आयच्या हातात येत होतं. "पावसाळा लांब आहा," बा एवढंच म्हणाला. त्याला पाहून शेजारच्यांनी शिडी लावली, मग पलीकडच्यांनी. संध्याकाळपर्यंत घरोघरची कौलं डोक्यावरच्या पाट्यांतून शाळेकडे चालली होती, आणि बा शाळेच्या छपरावर बसून ती अशी बसवत होता की कुठलं कुणाच्या घरचं ते ओळखू येऊ नये.

हिरामण त्या दिवशी पाहुण्यांसाठी कोंबडं मिळवायला दुसऱ्या पाड्यावर गेला होता. परत आला, शाळेसमोर उभा राहिला, आणि त्याच्या हातातलं कोंबडं ओरडत राहिलं तरी त्याला भान नव्हतं. "आक्का माला मारून टाकंल," तो म्हणाला. "आणि तुम्ही सगळे बघत बसाल."

दुसऱ्या दिवशी जीप आली. आक्का पुढे बसली होती. जीप शाळेसमोर थांबली. उंबऱ्यापुढे तांदळाच्या पिठाची रांगोळी होती, भिंती गेरूनं लाल होत्या, छप्पर सरळ रेषेत होतं, आणि पडवीत सगळी पोरं डोक्याला तेल चोपडून हारीनं बसली होती. आय नवं लुगडं नेसून पुढे आली आणि पाहुण्यांच्या पायांवर पाणी घालायला तांब्या उचलला.

कॅमेरावाला, नितीन त्याचं नाव, खाली उतरून म्हणाला, "ताई, शाळा चुकली का आपली?"

आक्का जीपमधून उतरलीच नाही. ती आतच बसून समोर बघत होती. तिचा चेहरा मला अजून आठवतो. तो राग नव्हता. परीक्षेत पेपर हातात पडल्यावर काहीच येत नाही असं कळतं, तसं काहीतरी होतं.

"उतर गं," आय म्हणाली. "कसी दिसतं शाळा?"

"चांगली," आक्का म्हणाली.

मग ती उतरली, चालत शाळेच्या मागे गेली, आणि आम्ही सगळी पोरं तिच्या मागून. "वरचे साहेब ही फिल्म बघतील," ती म्हणाली. "म्हणतील, एवढी छान शाळा, यांना अजून काय पाहिजे?"

"मी चढतो," हिरामण म्हणाला. तो कुडाच्या खांबाला लोंबकळून अर्धा वर गेलाही होता. "एक कोपरा काढतो. वानरांनी काढला म्हणू. वानरं काय नाय म्हणायला येतात?"

मला वाटत होतं त्यानं काढावा. खरं सांगते, मला वाटत होतं त्यानं सगळंच्या सगळं छप्पर काढावं. मुकादम चार दिवसांनी येणार होता. बाच्या गाठोड्यात माझी चादर बांधून झाली होती. मी आक्काकडे पाहिलं. तिनंही माझ्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं.

छपराच्या दुसऱ्या टोकाला, पुढच्या अंगणात, बा नितीनला हात करून छप्पर दाखवत होता. कुठली ओळ कशी बसवली ते सांगत होता. आम्ही त्याला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"उतर खाली," आक्का हिरामणला म्हणाली.

"अगं पण..."

"उतर म्हणते ना. बाच्या समोर तू ते काढणार?"

हिरामण उतरला आणि हात झटकत म्हणाला, "मग आता काय? जेवायचं?"

मग खरंच जेवायचं झालं, कारण पानं मांडून झाली होती आणि आमच्यात वाढलेल्या पानावरून पाहुण्याला उठवत नाहीत. कोंबड्याचा रस्सा, तांदळाची भाकर, नवा भात. पाहुणे जेवत होते आणि आक्का वाढत होती, खाली मान घालून. वृषालीताईनं भात कालवता कालवता वर पाहिलं. "एवढी कौलं कुठून आणली, मावशी? मागच्या वेळी तर..."

"घरचीच कौलं आहात ती," आय म्हणाली. "अजून थोडा रस्सा घे. शहरातल्या बाया लय कमी खातात."

"घरची म्हणजे?"

"घरावरची."

वृषालीताईचा हात पानावरच थांबला. तिनं नितीनकडे पाहिलं, मग आक्काकडे. "यमुना," ती म्हणाली, "मला तुमचं घर बघायचंय." घरांची छपरं उघडी पडलीत हे आक्काच्याही तेव्हाच लक्षात आलं. हातातली वाटी तिनं खाली ठेवली.

पण बा उठून उभा राहिला होता. "घर नाय दाखवायचं," तो म्हणाला. "शाळा सरकारची आहा. ती फाटकी दिसली तर लाज सरकारला. घर माझं आहा."

इतर बापेही उठून बाच्या मागे उभे राहिले, कारण छप्पर सगळ्यांचंच उघडं होतं. आज मी शहरात राहते, माझ्या घरात कुणीही कधीही येतं आणि जातं, तरीही बाचं ते म्हणणं मला चूक वाटत नाही. परक्या माणसाला भरलेलं ताट दाखवायचं, रिकामं मडकं नाही. यावरच तर आमचं सगळं उभं होतं.

आक्का बाजवळ गेली. ती हळूच बोलली, पण सगळे गप्प असल्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "बा, शाळा आता सरकारची कुठं राहिली? तिच्यावर आपलं छप्पर हाय."

बानं मान वर करून छपराकडे पाहिलं.

"सुमीची चादर तू बांधली," आक्का म्हणाली. "मी पाहिली. माझी पेटी तू खांद्यावर आणली तवा मी तुला एक शब्द बोलले का? नाय बोलले. आज बोलते. आपण घर झाकून ठेवलं तर ही जाईल. मग हिच्या मागची जाईल. फाटकं दिसंल तर दिसू दे."

बानं डोक्याचा फडका सोडून पुन्हा बांधला. बाहेर कोंबड्या उष्टी वेचत होत्या. मग तो म्हणाला, "चूल तिच्या आयची आहा. तिला विचारा."

सगळ्यांनी आयकडे पाहिलं. आयनं पदर खोचला. "दाखवते ना," ती म्हणाली. "पण थांबा, आधी सारवते."

"मावशी, नको हो!" वृषालीताई ओरडलीच, आणि हिरामण जमिनीवर बसून हसायला लागला. मग गुरुजी हसले, मग बायका, आणि शेवटी आक्का हसली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं हसू. आय मात्र चिडली होती. पाहुण्यांनी न सारवलेल्या घरात पाय ठेवला याचं तिला पुढे कितीतरी वर्षं वाईट वाटत होतं.

फिल्ममध्ये जे दिसतं ते हे आहे. आधी ती लाल भिंतींची नीटनेटकी शाळा, तेल लावलेली पोरं, आणि मधल्या दारात उभे राहून दोन्हीकडे शिकवणारे एकटे गुरुजी. मग एक घर, त्याच्या छपराला भोक. मग दुसरं घर. मग तिसरं. प्रत्येक घरात चुलीवर आभाळ. आणि शेवटी आमचं घर, त्यात उभी आक्का, वरून तिच्या अंगावर ऊन पडलेलं, त्यामुळे डोळे बारीक केलेले. ती म्हणते, "हे आमचं छप्पर. ते शाळेवर गेलंय. आमच्या धाकट्या पोरींना नववी पाहिजे. कौलं घरात होती, ती आम्ही दिली. मास्तर आमच्या घरात नाय. तो तुम्ही द्या."

नाशिकच्या हॉलमध्ये आम्ही मागच्या रांगेत बसलो होतो. फिल्म सुरू झाली आणि शाळा दिसली तेव्हा पहिल्या रांगेतले साहेब शेजारच्याला म्हणाले, "अवस्था तशी ठीक दिसते." हे हिरामणनं ऐकलं, कारण तो मुद्दाम त्यांच्या मागे जाऊन बसला होता. पुढची घरं दिसायला लागल्यावर ते काही बोलले नाहीत. दिवे लागले. चहा घेतला आणि गेले. मी त्या वर्षी बागेवर गेले नाही, एवढं आक्कानं बाकडून मिळवलं होतं. "जूनपर्यंत ठेव हिला," ती म्हणाली होती. "जूनमध्ये नाय झालं तर मग मी काय बोलणार नाय." बा आणि आय बागेवर गेले. घरात आम्ही दोघीच. उघड्या छपरावर आक्कानं पळसाची पानं आणि प्लास्टिकचा कागद टाकला. उन्हाळ्यात परत आल्यावर बा शिडी घेऊन शाळेकडे गेला, खाली उभा राहून वर पाहत राहिला, आणि शिडी तशीच परत घेऊन आला. बाकीच्यांनीही कौलं उतरवली नाहीत.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागता लागता बातमी आली: नववीचा वर्ग मिळाला. खोली नाही, मिळाला तो नुसता वर्ग आणि एक शिक्षक. पाड्यात कुणी फटाके वाजवले नाहीत. आयनं बातमी ऐकली आणि विचारलं, "मास्तर कुठं राहील? त्याला जेवायला काय लागतं?"

मास्तर नामपूरकडचे, अहिराणी बोलणारे होते, तरुण, लाजरे. मध्येच "असं शे बघा" म्हणायचे आणि आम्हा मुलींना हसू यायचं. पहिल्या दिवशी आक्का मला सोडायला आली. पडवीत पोतं अंथरून नववी बसली. मी बसले. आक्का गेली नाही. तीही मागे येऊन बसली, साडी गुडघ्यांवर ओढून घेत. मास्तरांनी हजेरी घेतली आणि थांबले.

"आपण पालक का?"

"नाय," आक्का म्हणाली. "माझी नववी अर्धी राहिली. मी बसते नुसती. नाव नका लिहू."

मास्तरांनी आतल्या गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी मधल्या दारातच उभे होते. "बसू द्या," ते म्हणाले आणि पाढ्यांकडे वळले.

भातलावणीपर्यंतच ती आली. मग शेतावर हात कमी पडायला लागले, आणि त्याच वर्षी मार्गशीर्षात तिचं लग्न झालं. पुढे मी शिकत गेले, पेठ, मग नाशिक, आणि ती दर वेळी भेटली की विचारायची, "आता कुठपर्यंत आली?" पण त्या पहिल्या दिवसाबद्दलच मला लिहायचं आहे. मास्तरांनी विज्ञानाचा पहिला धडा शिकवला. माणूस किती चालला ते अंतर, आणि निघाल्या जागेपासून सरळ रेषेत किती दूर पोचला ते विस्थापन. शाळा सुटली आणि आम्ही दोघी घराकडे निघालो. अर्ध्या वाटेवर तिनं विचारलं, "तुला कळलं?"

"कळलं."

"माला नाय कळलं. इतकी वर्षं झाली, डोकं गंजलं. सांग बरं."

मी सांगितलं. जिथून निघालं तिथंच परत आलं तर कितीही चाललं तरी विस्थापन शून्य.

आक्का वाटेतच थांबली. "म्हणजे पेठेच्या माझ्या एवढ्या खेपा, सगळ्या शून्य?"

"पुस्तकात तसंच हाय."

"पुस्तकवाला घाट चढला नसंल," ती म्हणाली आणि मोठ्यानं हसली. मग गंभीर झाली. "पण हाय बरोबर त्याचं. थांब, पुन्हा सांग. पहिल्यापासून."

मी पहिल्यापासून सांगितलं. मी कमी बोलणारी मुलगी, पण त्या संध्याकाळी माझा आवाज मलाच ऐकू येत होता. घर आलं. चुलीचा धूर निघत होता आणि आय दारातून हाक मारत होती. आक्का दाराकडे वळली नाही. ती तशीच पुढे, बांधावरून शेताकडे चालत राहिली, आणि मागे न पाहता म्हणाली, "अजून एकदा."